सुपारीची खांडं आणि एक्के

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

त्या दिवशी फोनवर तुम्ही विचारलंत, "पत्ते मोजतेस म्हणजे नक्की काय करतेस?" आणि तेवढ्यात आईने फोन घेतला. म्हणून सविस्तर लिहिते. आईला आधी सांगा, की मी पैसे लावत नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन कॅट असतात, माझी मैत्रीण पानं वाटते आणि पैशांच्या जागी कडवे वाल असतात.

खेळ ब्लॅकजॅकचा. पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पण पुढे नाही. मोजायची साधी रीत हाय-लो, हार्वे डबनर यांनी १९६३ मध्ये मांडलेली. दुर्री ते छक्की गेली की एक मिळवायचा. दश्शी, चित्रं, एक्का गेला की एक वजा. सत्ती, अठ्ठी, नव्वी सोडून द्यायच्या. जो आकडा येतो त्याला उरलेल्या कॅटच्या संख्येने भागायचं. आकडा चढला की मोठी पानं शिल्लक आहेत, वाल वाढवायचे.

मागच्या रविवारी काय झालं ते ऐका. बरोबर बावन्न पानं गेली होती, बावन्न उरली होती, आकडा अधिक चार. वाटणारीच्या पुढ्यात एक्का. अशा वेळी इन्शुरन्स घेता येतो. तिचं उपडं पान दश्शी किंवा चित्र आहे अशी निम्मी पैज लावायची, जिंकली तर दुप्पट मिळते. नियम सांगतो, आकडा तीन किंवा अधिक असेल तर घ्या. मी घेतला. उपडं पान नव्वी निघालं.

एका पानावरून काही ठरत नाही, म्हणून मी न दिसलेली सगळी पानं टेबलावर मांडली. दश्श्या-चित्रं मिळून १६. बावन्नातली १६, म्हणजे एक तृतीयांशाहूनही कमी. ही पैज तोट्याचीच होती. मग आकडा चढला कशाने? एक्क्यांनी! आठपैकी एकच बाहेर आला होता, तोही तिच्या पुढ्यातला. निम्मी पानं गेल्यावर चार जायला हवे होते. तीन जास्तीचे एक्के गड्डीत दडून होते आणि मी त्यांना दश्श्या समजले. चारातून ते तीन वजा केले की उरतो एक. एकावर इन्शुरन्स घेत नाहीत.

पण वाल वाढवले होते, ते मात्र बरोबरच होतं. एक्का आणि दश्शी-चित्र पहिल्याच दोन पानांत आले की एकाला दीडपट मिळते. पैज लावताना एक्का मोठं पान आणि इन्शुरन्सच्या वेळी निव्वळ अडगळ. म्हणून एक्के वेगळे मोजायचे.

तेव्हा तुम्ही आठवलात. नौपाड्याच्या घरी गौरींच्या जागरणात मेंढीकोट रंगायचा. दश्श्या तुम्ही मनात धरायचात आणि हुकूम गेला की सुपारीचं एक खांड चटईखाली सरकवायचात. मला वाटायचं, सुपारी लपवताय. मी आता डाव्या हाताची बोटं मिटते, एका एक्क्याला एक बोट.

सत्त्यांचंही असंच. हातातल्या पानांची बेरीज चौदा, वाटणारीच्या पुढ्यात दश्शी, तर साधारणपणे आणखी एक पान मागायचं. पण एकच कॅट असेल आणि ते चौदा दोन सत्त्यांचं असेल, तर थांबायचं. चौदाचं एकवीस करणारी सत्तीच, आणि चारातल्या दोन आपल्याच हातात! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री अकरा वाजता मी मैत्रिणीला उठवून सांगितलं.

सहा-आठ कॅटच्या टेबलावर या वेगळ्या मोजणीचा फायदा फार थोडा, आणि ती करताना मुख्य आकडा चुकला तर नुकसानच जास्त. एक-दोन कॅटला मात्र ती खरी उपयोगाची. इथून दोन तासांवर अटलांटिक सिटी आहे. तिथल्या कसिनोंना पत्ते मोजणाऱ्याला केवळ त्या कसबासाठी हाकलता येत नाही, असा निकाल न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिला. खटला केन उस्टन या पत्ते मोजणाऱ्याचा. पण कॅट वाढवणं आणि मध्येच पिसणं कसिनोच्या हातात राहिलं.

माझं अडतं ते बोलण्यापाशी. मैत्रीण "चहा ठेवू का?" म्हणाली, की बोटं राहतात पण आकडा जातो. बंडूकाका तर डाव चालू असताना ऑफिसच्या गोष्टी सांगत बसायचे. तुम्ही हूं हूं करायचात आणि तरी शेवटचा हुकूम कोणाकडे आहे ते सांगायचात. ते कसं करायचात, तेवढं लिहून पाठवा. फोनवर नको, आई घाईत असते.

आजीला नमस्कार.

तुमची,
सोनू