तीन तास बसवून ठेवल्याबद्दल

आदरणीय काका,

शिडाच्या नावेच्या सहलीवरून परत आल्यावर आमच्या गटाने तुम्हाला सगळ्यांच्या सह्यांचं आभारपत्र पाठवलंय. त्यात 'मोलाचं मार्गदर्शन' असे शब्द आहेत आणि खाली माझीही सही आहे. वाचून तुम्ही हसला असाल, कारण मार्गदर्शन म्हणावं असं तुम्ही चार दिवसांत फारसं बोललाच नाहीत. म्हणून हे वेगळं पत्र. आणि उघड, कारण मी तुमच्यावर चिडले होते तेही सगळ्यांसमोरच.

पहिल्या दिवशी सुकाणूचा दांडा माझ्या हातात देऊन तुम्ही टोपी डोळ्यांवर ओढलीत. दांडा डावीकडे ढकलला की नाव उजवीकडे वळते हे मी वाचलं होतं, पण हाताला ते ठाऊक नव्हतं. त्यात वारा समोरून. वाऱ्याच्या दोन्ही अंगांना साधारण 45 अंशांपर्यंत शिडाला काही करता येत नाही, त्यामुळे नागमोडी जायचं. पहिल्याच वळणावर मी कचरले. नाव मध्येच वाऱ्याकडे तोंड करून थांबली, शीड फडफडायला लागलं आणि आम्ही चक्क मागे वाहू लागलो. सात जणांनी सात सल्ले दिले. तुम्ही टोपीखालून एवढंच म्हणालात, "वारा गालांना लावून बघ." दोन्ही गालांना सारखा लागला, तेव्हा तो नेमका कुठून येतोय ते कळलं. नाव सरळ करायला आणखी दहा मिनिटं गेली. ती तुम्ही जाऊ दिलीत. तुमच्या जागी मी असते तर दुसऱ्याच मिनिटाला दांडा हिसकावून घेतला असता.

संध्याकाळी तंबूंच्या बाबतीतही तेच. आम्ही वाळूवरची वाळलेल्या शेवाळाची ओळ बघून, तिच्या दोन हात वर, अगदी शहाण्यासारखे तंबू ठोकले. तुम्ही आलात, ओळ बघितलीत आणि विचारलंत, "परवा काय आहे?" कुणी म्हणालं रविवार. परवा अमावास्या होती. अमावास्येचं उधाण जवळ येतं तसं भरतीचं पाणी रोज थोडं जास्त चढतं, म्हणजे ती ओळ कालची होती, आजची नाही. सगळे खुंटे उपटून वर गेलो. पहाटे पाहिलं, तर आमच्या पहिल्या जागेवर ओली वाळू आणि एक चप्पल. तीही आमचीच.

(शौचाचे नियम लिहू का? खड्डा 15 ते 20 सेंटिमीटर खोल आणि पाण्यापासून 60 मीटर दूर. त्या चिंचोळ्या बेटावर कुठल्याच किनाऱ्यापासून 60 मीटर मिळेनात. खरी मोहीम तीच होती. असो.)

आता दुसरा दिवस. सकाळी दहाला सामान नावेत भरलं होतं, वारा पाठीवर होता, पुढचं बेट समोर दिसत होतं. आणि तुम्ही म्हणालात, "बसा." मी कारण विचारलं, तर तुम्ही दोन बेटांमधल्या खाडीकडे हनुवटी केलीत आणि दोरीचा तुकडा काढून गाठी मारत बसलात. मग मी बोलले. असा वारा रोज मिळत नाही, आपण काही लहान मुलं नाही, संध्याकाळी अंधारात तंबू कोण लावणार... सगळं तुम्हाला आठवत असेल. तुम्ही मधे बोलला नाहीत. मी रुसून खडकावर जाऊन बसले.

रुसलेल्या माणसाला बघायला वेळ बराच असतो. मी त्या खाडीकडेच बघत होते. इतर ठिकाणी पाणी नुसतं सुरकुतलेलं, पण त्या पट्ट्यात लाटा उभ्या, आखूड, एकीच्या पाठीवर दुसरी, पांढऱ्या तोंडांच्या. वारा तर सगळीकडे सारखाच होता. मग आदल्या रात्री वहीत लिहून घेतलेलं गणित आठवलं. भरती-ओहोटीच्या साधारण सहा तासांत पाणी सारख्या वेगाने हलत नाही. बारा भाग धरले तर तासागणिक एक, दोन, तीन, तीन, दोन, एक. मधल्या दोन तासांतच अर्धं पाणी जातं-येतं. आणि आपण नेमके त्या मधल्या तासांत निघणार होतो. वारा आपल्या बाजूने होता, पण चिंचोळ्या वाटेतून सगळं पाणी त्याच्या विरुद्ध येत होतं. ती दोघं समोरासमोर आली की लाट आडवी पसरत नाही, उभी राहते. आपल्या लहान नावेसाठी तेवढं पुरेसं होतं.

एकच्या सुमारास प्रवाह फिरला. वारा तोच, उलट थोडा वाढलेलाच, पण पाणी त्याच्याच दिशेने निघालं आणि त्या उभ्या लाटा बघता बघता झोपल्या. मी खडकावरून उतरून आले. "आता निघायचं?" असं तुम्ही मला विचारलंत. सगळ्यांना नाही, मला. पलीकडे पोचायला जेमतेम पाऊण तास लागला आणि तंबू उजेडातच लागले. तुम्ही "बघितलंस?" म्हणाला नाहीत. त्या न म्हणण्याचे आभार मला सगळ्यात आधी मानायचे आहेत. पत्र लांबलं ते यामुळेच.

तिसऱ्या रात्री नांगरावर पहारा होता. दोन ते चार माझी पाळी. तुम्ही दोन खुणा दाखवल्यात, जवळचा सुळका आणि त्याच्या मागचं झाड. दोन्ही एका रेषेत असली की नांगर धरून आहे, फट पडली की बघायचं. तीनला फट पडली. मी तुम्हाला हाक मारणार होते, पण आधी थोडं थांबून बघितलं. नाव फक्त वाऱ्याबरोबर झोका घेत होती. फट मिटली. मात्र छोट्या होडीची दोरी सैल झाली होती. बोलाइनची, म्हणजे न सरकणाऱ्या फासाची गाठ तुम्ही आमच्याकडून डोळे मिटून घटवून घेतली होती, तेव्हा तो मला निव्वळ छळ वाटला होता. अमावास्येच्या अंधारात ती पहिल्या खेपेला बसली. हात पाण्यात गेला तसं पाणी निळं चमकलं. हलवलं की उजळणारे ते इवले एकपेशी जीव. मी उगीचच दोन-तीनदा हात घातला. तुम्ही जागे होतात ना तेव्हा? मला शंका आहे. तुमची टोपी डोळ्यांवर नव्हती.

तुमचा लाल काचेचा टॉर्च माझ्याकडे राहिलाय. सेल नवे घातलेत, येताना आणते. पुढच्या सहलीच्या चारही दिवसांच्या भरतीच्या वेळा आणि त्या खाडीत प्रवाह कधी फिरेल ते काढून सोबत पाठवतेय. चूक असेल तर सांगू नका. तिथे गेल्यावर विचारा, "परवा काय आहे?"

तुमची,
खडकावर बसलेली