हापशालाही पार हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरं आणि गावं सजवण्याच्या बातम्या सध्या रोज वाचायला मिळतात. आमच्या गावातही चौकात कारंजं झालं, फायबरची हरणं आली. कारंजं पहिल्याच उन्हाळ्यात कोरडं पडलं. तिथून शंभर पावलांवर एक हापसा आहे. त्याच्याभोवती बारा महिने चिखल असतो, पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. सार्वजनिक कला म्हणजे चौकात काहीतरी उंच उभं करणं, एवढाच अर्थ आपण धरून बसलो आहोत, म्हणून हे पत्र.

काही वर्षांपूर्वी पुतणीकडे छत्तीसगडच्या बस्तर भागात, जगदलपूरला गेले होते, तेव्हा वाटेत कोंडागावला थांबले. तिथले 'नळपार' मी पाहिले. हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. वडाला पार असतो, तसा हा नळाचा पार. नवजोत अल्ताफ या चित्रकार-शिल्पकार मूळच्या मेरठच्या, शिकल्या मुंबईच्या जे. जे. मध्ये. 1997 पासून त्या बस्तरमध्ये राजकुमार कोराम, शांतीबाई, गेस्सुराम या तिथल्या आदिवासी भागातल्या कलाकारांबरोबर काम करू लागल्या. हातपंपांभोवतीच्या या जागा त्यांनी मिळून घडवल्या. त्याआधी बैठका घेतल्या, आणि रोज पाणी भरणाऱ्या बायाबापड्यांना, पोरांना त्यात बोलतं केलं.

मी तिथं बराच वेळ बसून राहिले. एक बाई आली, घागर भरली, ती उचलून आधी कमरेइतक्या उंचीच्या कट्ट्यावर ठेवली. चुंबळ नीट केली आणि तिथून सरळ डोक्यावर घेतली. कुणाला हाक मारावी लागली नाही. आमच्याकडे "जरा हात लाव गं" म्हटल्याशिवाय हंडा डोक्यावर चढत नाही. जवळ कुणी नसेल तर गुडघ्यावर घेऊन झटक्यानं उचलायचा. माझ्या आईची कंबर त्यातच गेली. सांडलेलं पाणी वाहून जाईल अशीही सोय तिथं होती, त्यामुळे पायाखाली चिखल नव्हता. आणि हे सगळं रुक्ष सिमेंटकाम नव्हतं. भिंतींना आकार होते, तिथल्या लोकांच्या ओळखीच्या खुणा होत्या.

शिल्पकाराची नजर आधी पाणी वाहणाऱ्या बाईच्या पाठीकडे गेली, हे मला फार मोठं वाटतं. याच मंडळींनी मुलांसाठी 'पिला गुडी' उभारल्या. गुडी म्हणजे देऊळ, पण यात देव नाही. शाळेबाहेर मुलांनी जमावं, चित्रं काढावीत, बोलावं, यासाठी बांधलेली ती जागा. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात 2018 च्या डिसेंबरात नवजोत यांच्या आजवरच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, म्हणजे कलाजगतानं त्यांची दखल घेतलेली आहे. आपल्या नगरपालिका आणि ग्रामपंचायतींनी ती का घेऊ नये?

घरोघरी नळ आले, आता हापसे कशाला, असं कुणी म्हणेल. मराठवाड्यात राहणाऱ्याला विचारा. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, तेव्हा बायका हापशावरच जातात. शिवाय प्रश्न फक्त हापशाचा नाही. धुण्याचा घाट, एसटीचा थांबा, आठवडी बाजारातला ओटा, सगळीकडे हेच करता येईल. आपल्या गावोगावी मूर्तिकार आहेत, कुंभार आहेत, सुतार आहेत. सुशोभीकरणाचा ठेका देताना त्यांना कधी बोलावतात का? आणि जिथं काम व्हायचं तिथल्या बायकांना?

आमच्या गल्लीतल्या हापशाभोवती काम करायचं कुणी मनावर घेतलं, तर तिथल्या बायकांना एका दुपारी एकत्र बसवायचं काम माझ्याकडे. कट्टा किती उंच हवा, हे त्या कमरेला हात लावून दाखवतील.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, बीड जिल्हा