सुहासला पत्र: पसरणीने वर, केळघरने खाली

पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

आपल्या वाई-महाबळेश्वर-वाई सायकल फेरीचा तुझा नकाशा मिळाला. लूप झकास आखलायस, फक्त उलटा. केळघर घाटाने चढायचं आणि पसरणी घाटाने उतरायचं म्हणतोस. मी म्हणतो, दिशा फिरवू. पसरणी घाट म्हणजे महाबळेश्वरला निघालेल्या साऱ्या दुनियेचा रस्ता. भल्या सकाळी वाई सोडली तर एसटी आणि दूधवाले सोडून घाटात फारसं कुणी नसतं. ऊन वर आलं की पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते आणि वळणावळणावर ओव्हरटेक सुरू होतात. त्या गर्दीत दुपारी उतरायचं म्हणजे सगळं लक्ष हॉर्नकडे. केळघरच्या रस्त्याला वर्दळ त्या मानाने किरकोळ.

दुसरं कारण माझं खासगी आहे, हसू नकोस. असं गेलं तर आपण कृष्णेच्या खोऱ्यातून चढतो आणि वेण्णेच्या खोऱ्यातून उतरतो. दोन्ही नद्या महाबळेश्वरच्याच डोंगरात उगम पावतात आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला पुन्हा भेटतात. त्या दोघींमधल्या डोंगराला वळसा घालायचा, एवढाच आपला बेत.

आता चढाचं. वाई साधारण ७२० मीटरवर, पाचगणी १२९०च्या आसपास, अंतर बारा किलोमीटर. शाहीर साबळ्यांचं पसरणी गाव मागे पडलं की खरा घाट लागतो. सरासरी चढ पाच टक्के धर. भिंतीसारखा कुठेच उभा राहत नाही, पण दम खायला सपाटीही देत नाही. तू नागपूरचा, शंभर किलोमीटर सपाटीवर तू गप्पा मारत काढशील, मला ठाऊक आहे. तासभर एकसारखा चढ ही वेगळी जात. म्हणून तुझं ते २५ दातांचं कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, बदल. पुढच्या चकतीला ३४ आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीला ३२ दाते असतील तर ताशी साडेनऊ किलोमीटरला पाय मिनिटाला सत्तर फेऱ्या फिरतात. २५ वर त्याच वेगाला जेमतेम पंचावन्न. पहिले तीन किलोमीटर फरक कळत नाही, नंतर गुडघे बोलायला लागतात. तोवर तुमच्या नागपुरातल्या सेमिनरी हिल्सवर फेऱ्या मार. चढ छोटा आहे, पण लागोपाठ मारल्यास तर पायांना कल्पना येईल. आणि घाटात पहिल्या वळणापासून माझ्याशी शर्यत लावू नकोस. लावशीलच, तरी सांगून ठेवतो.

पाचगणीत चहा, बाकी काही नाही. टेबललँड वगैरे वहिनींबरोबर येशील तेव्हा. पुढचे एकोणीस किलोमीटर महाबळेश्वरपर्यंत नकाशावर सपाट दिसतात; प्रत्यक्षात रस्ता सारखा वरखाली होतो आणि तिथेच लोक नकळत पाय संपवून बसतात. तिथे खात राहा: खजूर, शेंगदाण्याचे लाडू, बाटलीत मीठ-साखर-लिंबू. भूक लागायची वाट पाहिलीस तर उशीर झालेला असतो. स्ट्रॉबेरीचा हंगाम नुकताच सुरू होत असेल, पण क्रीमच्या ग्लासाला आर्थर सीट पॉइंटवरून परत येताना हात लाव. पोटात साय घेऊन चढणं हे मला तरी जमत नाही.

तू आर्थर सीट वगळू म्हणतोस, जाऊनयेऊन पंचवीस किलोमीटर वाढतात म्हणून. ते मी ऐकणार नाही. वाटेत क्षेत्र महाबळेश्वर लागतं. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री, सावित्री या पाचही नद्यांचं पाणी गोमुखातून पडतं. त्यातली सावित्री तेवढी पश्चिमेला कोकणात उडी घेते. पॉइंटवर उभं राहिलं की तिचं खोरं पायाखाली थेट खोल जातं आणि सह्याद्री इथे कापून टाकल्यासारखा संपतो. आपण दुपारच्या आत पोचलो तर ऊन पाठीमागून येईल, दरी स्वच्छ दिसेल. संध्याकाळी समोरून ऊन आणि धुरकट हवा, मग फोटोत नुसता पांढरा पडदा. मुख्य म्हणजे रस्ताच तिथे संपतो. घाट चढून येऊन अशा ठिकाणाच्या बारा किलोमीटर अलीकडून परतायचं, ही कंजूषी झाली. पायऱ्या आहेत, तेव्हा पेडलमध्ये अडकणाऱ्या क्लीटच्या बुटांबरोबर पातळ चपला घे. माकडं आहेत, जर्सीच्या मागच्या खिशात केळं ठेवून फिरू नकोस.

केळघरचा उतार सहाशे मीटर तरी आहे, आणि मला काळजी चढाची नाही, या उताराची आहे. तुझे ब्रेक रिमचे, म्हणजे चाकाच्या धातूच्या कडेवर घासणारे. सतत दाबून ठेवलेस तर रिम तापते, ट्यूब फुटू शकते. सरळ पट्ट्यात वेग जाऊ दे, वळणाआधी दोन्ही ब्रेक नीट मार, वळणात सोड. पावसाने रस्ता कुठे उखडलाय ते तिथेच कळेल, म्हणून मी पुढे राहीन आणि खड्डा दिसला की हात दाखवीन. मेढ्यात जेवू. तिथून कुडाळ, पाचवड करत वाई. थकल्या पायांनी वेण्णेचं खोरं सोडून कुडाळी नदीच्या खोऱ्यात शिरावं लागतं, तिथला चढ किरकोळ असला तरी शिव्या घालशील. सगळं मिळून एकशेवीस किलोमीटरच्या आसपास, चढ दीड हजार मीटरच्या पुढे.

दिवाळीची गर्दी ओसरली की आठवड्याच्या मधला वार धरू. महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला ये, चाकं काढून सायकल बॅगेत भर. पुढे माझ्या गाडीने आदल्या संध्याकाळी वाई. तिकीट काढलंस की वार कळव, खोली बघून ठेवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
नंदू

ता. क. कॅसेट घेण्याआधी दुकानदाराला मागचं डिरेलर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, दाखव. आखूड पिंजऱ्याचं असेल तर ३२ बसेलच असं नाही. मग २८ घे आणि मला आधी सांग, म्हणजे वाईतून अर्धा तास लवकर निघू.