वीतभर सरकवलेलं स्टूल

स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या शहर संग्रहालयातल्या ताईंना,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, त्याची चुटपुट अजून जात नाही.

माझे बाबा ७८ वर्षांचे. उभी हयात शाळेत इतिहास शिकवला. राजापूरच्या इंग्रज वखारीवरचा १६६१ चा छापा तर तोंडपाठ. स्वीडनचीही ईस्ट इंडिया कंपनी होती, १७३१ सालची, आणि कचेरी, वखार, लिलावाचं दालन असं तिचं सगळं बिऱ्हाड ज्या इमारतीत होतं तेच आता संग्रहालय आहे, हे कळल्यावर त्यांनी तिथे जायचा ध्यासच घेतला.

त्याआधी दोनच दिवस एका सहलवाल्याने सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "आजोबांना बसमध्येच बसू द्या, खोळंबा होतो." पैसे मात्र पूर्ण घेतले होते. बाबा दोन तास खिडकीशी बसून राहिले. ते मी विसरणार नाही.

त्यामुळे तुमच्याकडे आले ते अंग चोरूनच. चिनी मातीच्या बशांपुढे काठीवर भार टाकून उभे होते, तेवढ्यात तुम्ही घडीचं स्टूल घेऊन आलात. ते देऊन गेला असतात तरी पुष्कळ होतं. पण बाबा उठले की तुम्ही स्टूल उचलायचात आणि पुढच्या कपाटासमोर मांडायचात. एकदा काचेवर दिव्याची तिरीप येत होती, बाबा मान वाकडी करून वाचत होते. तुम्ही काही न बोलता स्टूल वीतभर सरकवलंत. ताई, तेव्हा माझे डोळे भरून आले.

कंपनीच्या 'गोथेबोर्ग' जहाजाच्या माहितीपाशी ते सगळ्यात जास्त रमले. चीनमधल्या कँटनहून चहा, रेशीम, चिनी माती भरून निघालेलं जहाज १७४५ मध्ये याच बंदराच्या तोंडाशी खडकावर आदळून बुडालं, माणसं मात्र सगळी वाचली. "दारात येऊन बुडालं हो," बाबा तुम्हाला चक्क मराठीत सांगत होते आणि तुम्ही मान हलवत ऐकत होतात. कंपनीच्या एकूण १३२ सफरींचा आकडा त्यांनी वहीत उतरवून घेईपर्यंत तुम्ही थांबलात. म्हाताऱ्या माणसाला त्याच्या चालीने बघू देणं, एवढंच तर हवं असतं!

घरी आल्यागेल्याला बाबा आधी स्टुलाची गोष्ट सांगतात, मग कंपनीची.

तुमची ऋणी,
एका मास्तरांची मुलगी