सुभेदारकाका, थंड पाण्यातली माशी तुम्ही निवडायला शिकवलीत

आदरणीय सुभेदारकाका,
सा. न. वि. वि.

तुम्ही मोबाइलला हात लावत नाही, तेव्हा हे पत्र नातवाकडून वाचून घ्या. घरी येऊन दोन शब्द बोलून भागलं असतं, पण राजाराम बंधाऱ्यावर आणि कळंब्याला गळ टाकून बसणारी आपली मंडळी मला सोडेनात. ऑक्टोबरच्या गारठ्यात, हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या त्या बर्फगार पाण्यात ट्राउट मासा लागला कसा, हेच जो तो विचारतोय. म्हटलं, ज्याचं श्रेय त्याला चारचौघांत द्यावं.

जायच्या आधी मी तयार फ्लायची, म्हणजे गळावर पिसं-दोरा बांधून केलेल्या खोट्या माश्यांची, डबी घेऊन तुमच्याकडे आलो होतो. दुकानदाराने 'सगळ्या सीझनला चालतंय' म्हणून गळ्यात मारलेली. तुम्ही ती ‘पुढारी’च्या पानावर पालथी केलीत आणि बोटाने दोन ढीग केलेत. "ह्या जूनच्या. ह्या फोटो काढायच्या." तिसरा ढीग झालाच नाही.

मग चहा गार होईपर्यंत तुम्ही जे सांगितलंत, ते इथे सगळ्यांसाठी लिहितो. मासा थंड रक्ताचा. पाणी दहा-बारा अंशांच्या वर असेल तर ट्राउट धावून खातो. त्याखाली गेलं की त्याची भूक मंदावते, आणि चार-पाच अंशांवर तर तो जागचा हलायला बघत नाही. तळाशी, संथ आणि खोल पाण्यात पडून राहतो, तोंडासमोर येईल तेवढंच घेतो. म्हणून थंडीत माशी तीन गोष्टी बघून निवडायची: तळाला जाते का, लहान आहे का, आणि प्रवाहाच्याच चालीने वाहते का. वरवर तरंगणाऱ्या झुपकेदार ड्राय फ्लाय बहुतेक वेळ डबीतच बऱ्या. अपवाद ढगाळ दुपारचा. तेव्हा ऑलिव्ह मेफ्लाय नावाचे बारीक किडे पाण्यातून वर येतात आणि तास-अर्धा तास मासेही पृष्ठभागावर येतात.

आणि तुमची ती तार! इंग्लंडमधल्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांनी फेझंट टेल निम्फ (पाण्याखालच्या अळीची नक्कल करणारी, बुडणारी माशी) बांधताना दोरा वापरलाच नाही, नुसती तांब्याची तार वापरली, हे तुम्ही काश्मीरला पोस्टिंगवर असताना एका साहेबाकडून ऐकलेलं. तार वजनही देते आणि बांधूनही ठेवते. आपल्या उद्यमनगरात मोटर वायंडिंगच्या दुकानांत अशा इनॅमल तारेची रिळं पडलेली असतात. तुम्ही अडतीस नंबरची मागितलीत, तर दुकानदार म्हणाला, "कुठली मोटर आहे, काका?" तुम्ही म्हणालात, "मासा आहे." तो अजून विचारात असेल.

सोळा नंबरचा गळ व्हाइसच्या पकडीत धरून (नंबर वाढेल तसा गळ लहान, हे आपल्या पोरांना पटतच नाही) तुम्ही तपकिरी कोंबडीच्या शेपटीच्या पिसाचे चार तंतू टोकाशी शेपटीसारखे सोडलेत, उरलेले तारेबरोबर पीळ देत वर गुंडाळलेत. छातीशी गळून पडलेल्या मोरपिसाचे दोन वेढे, आणि तार तोडून मोकळे. तुमचा हात या वयातही हलत नाही, माझा चष्मा लावूनही हलतो. वीस नंबरवर काळा दोरा आणि चंदेरी तारेचे दोन-तीन आडवे पट्टे देऊन केलेली चिलटाची अळी तर तांदळाच्या दाण्याहून बारीक. रंकाळ्यावर संध्याकाळी दिव्याभोवती ढग करणारी न चावणारी चिलटं असतात ना, त्यांचेच भाऊबंद थंड नद्यांतही बारा महिने निघतात. बाकीचे किडे थंडीत कमी झाले की ट्राउटचं भागतं ते बरंचसं यांच्यावर.

तीर्थनकाठच्या गुशैणी गावाच्या खाली पाण्यात उतरलो, तेव्हा काठी न जोडता आधी तळाचा एक दगड उलटा केला. तुमचा हुकूमच होता तसा. दगडाच्या खालच्या अंगाला चपटी, शेवाळी रंगाची मेफ्लायची अळी चिकटलेली. पोटाच्या दोन्ही कडांना बारीक कल्ले हलत होते. शेजारी वाळूचे कण चिकटवून केलेली कॅडिस किड्याच्या अळीची नळी. डबी उघडली आणि तुमच्या तारेच्या निम्फशी रंग ताडून बघितला. थोडा गडद होता, बाकी तोच.

सकाळी काहीच लागलं नाही. ऊन पाण्यावर आल्यावर, अकराच्या पुढे, एका मोठ्या दगडामागच्या संथ पाण्यात निम्फ सोडला. दोरीवरचा खुणेचा लोकरीचा गोंडा जरासा अडखळला, एवढंच. झटका नाही, ओढ नाही. तुम्ही बजावलं नसतं तर तळाला अडकला समजून सोडून दिलं असतं. ब्राऊन ट्राउट होता, अंगावर लाल ठिपके. हात ओले करून धरला आणि परत सोडला. हा मासा तिकडचा मूळचा नव्हे. काश्मीरनंतर 1909 च्या सुमारास तो कुल्लूच्या खोऱ्यात आणला गेला. पण आता तिथे असा नांदतोय की परका वाटत नाही.

तुमची दुसरी ताकीदही पाळली. तळाच्या खडीत एखादा पट्टा नुकताच धुतल्यासारखा उजळ दिसला, तर तिथे पाय टाकायचा नाही. मादी शेपटीने खडी उकरून त्यात अंडी घालते. म्हणूनच हिमाचलात 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते. अंड्यासारखी दिसणारी नारंगी फ्लाय त्या काळात हमखास चालते असं ऐकलं होतं. तुम्ही ती डबीतून काढून घेतलीत, आणि का, ते तिथे गेल्यावर कळलं.

काका, शिकवायचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, वर रीळही दिलंत. आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत, तरी मनापासून मानतो. हंगाम 1 मार्चला उघडतो आणि बंधाऱ्यावरचे दोघे-तिघे आत्ताच तयार झालेत. त्यांना निम्फ बांधायला शिकायचंय. रविवारी सकाळी घेऊन येऊ का? तार मी आणतो, पण अडतीसच ना, की चाळीस, तेवढं कळवा.

आपला,
मंगळवार पेठेतला गळवाला