रविवारचा कपकेक सजावट वर्ग

सख्यांनो, येत्या रविवारी दुपारी २ ते ५, मंडळाच्या सभागृहात लग्नाच्या कपकेकची सजावट शिकायची आहे. नावं गुरुवारपर्यंत द्या, जागा १२ च आहेत.

आणायचं:
- ६ साधे कपकेक, आदल्या रात्री भाजून पूर्ण गार केलेले. कोमट कपकेकवर बटरक्रीम (बटर आणि आयसिंग शुगर फेटून केलेलं क्रीम) वितळून घसरतं, मग गुलाब कितीही सुरेख काढा, टिकत नाही.
- २०० ग्रॅम बिनमिठाचं बटर, ४०० ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर (पिठासारखी बारीक साखर). घरून निघण्याआधी तासभर बटर फ्रीजबाहेर काढा. वितळवू मात्र नका.
- पाइपिंग बॅग (क्रीम दाबून नक्षी काढायची शंकूसारखी पिशवी), तिच्या टोकाला लावायचं स्टार आणि पाकळीचं नोझल.

बाजारातली फुलं सजावटीला नकोत, त्यांवर कीटकनाशकांची फवारणी झालेली असू शकते. वेळेवर या, पहिला अर्धा तास फक्त बॅग धरण्याचा सराव आहे आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा.