अर्ध्या तासात काय बघून होतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत पुण्यातल्या एका दिवसाच्या भटकंतीवर पानभर लेख आला आहे. मिसळ कुठली, बन-मस्का कुठला, मस्तानी कुठे प्यावी, हे सगळं ऐसपैस, फोटोंसकट. आणि राजा दिनकर केळकर संग्रहालयाच्या वाट्याला एक ओळ : 'अर्ध्या तासात बघून होतं.' ती ओळ वाचल्यापासून मला राहवत नाही, म्हणून हे पत्र.

काय बघून होतं अर्ध्या तासात? केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि उभा जन्म त्यात घातला. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव या संग्रहाला दिलं. वीस हजारांवर वस्तू आहेत आणि मांडलेल्या आहेत त्यातल्या अडीच हजारांच्या आसपास. तेवढ्या बघायलाही दिवस पुरत नाही. लेखात मस्तानी पिण्यासाठी दुकानं सुचवली आहेत, पण कोथरूडला असलेला मस्तानीचा महाल याच संग्रहालयात आणून उभा केला आहे, याचा उल्लेखसुद्धा नाही. याचं मला मनापासून वाईट वाटलं.

गेल्या महिन्यात माझी शाळेपासूनची मैत्रीण कराडहून आली होती. तिला घेऊन मी तिथेच गेले. अंग घासायच्या वज्र्यांच्या कपाटापाशी ती थबकली ती हलेचना. पितळेच्या वज्र्या, वर मोर, पोपट, खाली खरखरीत तळ. 'माझ्या आजीकडे अशीच होती गं, न्हाणीघराच्या कोनाड्यात,' म्हणाली, आणि मग आजीबद्दल कितीतरी वेळ बोलत राहिली. इतक्या वर्षांच्या मैत्रीत मी यातलं काही ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात एका शाळेची सहल आली. मुलं रांगेत, पुढे बाई, मागे सर. एक मुलगी अडकित्त्यांपाशी थांबली. घोड्याच्या आकाराचा अडकित्ता होता. 'बाई, हे काय आहे?' 'चल पुढे, जेवायला उशीर होतोय.' माझ्या मैत्रिणीनेच मग तिला बोटांनी करून दाखवलं, सुपारी इथे ठेवायची, असं दाबायचं. त्यावर ती पोर विचारते, 'मग घोडा कशाला केलाय?' उत्तर द्यायच्या आत सरांची शिट्टी झाली आणि ती पळाली. सगळा वर्ग पंधरा-वीस मिनिटांत बाहेर!

संपादक महोदय, रोज हाताळायच्या साध्या वस्तूलाही कुणीतरी जीव लावून घडवलं, हे कळण्यासाठीच तर मुलांना तिथे न्यायचं असतं. त्या मुलीला ते आपलं आपण सुचलं होतं आणि आपण तिला ओढून नेलं. मीही शिक्षिका होते. डोकी मोजणं, बसचालकाची घाई, कुणाला उलटी, कुणाची पाण्याची बाटली हरवलेली, हे सगळं मी केलेलं आहे. पण म्हणून सकाळी शनिवारवाडा, मग केळकर संग्रहालय, मग जेवण, दुपारी सिंहगड आणि संध्याकाळी वॉटर पार्क अशी सहल काढायची? एक ठिकाण न्या. दोन तास द्या. आणि मुलं विचारतील त्याची उत्तरं आदल्या दिवशी वाचून या.

आगाखान पॅलेसबद्दल तुमच्या लेखात 'फोटोंसाठी उत्तम' एवढंच आहे. तिथे स्थानबद्धतेत १५ ऑगस्ट १९४२ ला गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई गेले आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा. दोघांच्या समाध्या त्याच आवारात आहेत. एवढं तरी छापायचं होतं.

खाण्यावर माझा राग नाही. आम्हीही त्या दिवशी पेठेतल्या एका जुन्या उपाहारगृहात थालीपीठ खाल्लं, भाजणी खमंग, वर लोण्याचा गोळा. पण पहिला घास घेतला नाही तोच शेजारी एक कुटुंब खुर्च्यांना टेकून उभं राहिलं आणि आमचा चहा यायच्या आधी टेबलावर बिल आलं. वर्षातून एकदा भेटणाऱ्या दोन मैत्रिणींना निवांत चहाही पिऊ द्यायचा नाही? रविवारची गर्दी मी समजू शकते, तो मंगळवार होता. मालकांनी बाहेर बाकं टाकावीत, नावं लिहून घ्यावीत, पण जेवणाऱ्याच्या डोक्यावर माणसं उभी करू नयेत.

पुढच्या लेखात संग्रहालयांच्या वेळा, तिकीट आणि सुट्टीचे दिवस विचारून छापा. घोले रस्त्यावरच्या महात्मा फुले वस्तुसंग्रहालयाचंही नाव घ्या, ते कालच्या पानावर कुठेच नव्हतं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कर्वेनगर, पुणे